भंगारातली चेनसॉ घेताय? आधी ती बंद का पडली ते शोधा

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या भंगारवाल्याकडे चार चेनसॉ पडल्या आहेत. दोन स्टिल (Stihl) कंपनीच्या एमएस १८०, एक ५८ सीसीची बिननावाची चिनी आणि एक जुनाट, अवजड, चेन ब्रेकच (चेन तत्काळ थांबवणारा ब्रेक) नसलेली. तुमचं बाइक दुरुस्तीचं काम आहे, पाने-पकडी आहेत, आणि यातली कोणती उचलावी, सुरुवात कुठून करावी, पैसे सुटतील का, असं विचारलंय.

दोन्ही एमएस १८० एकत्र घ्या. एकाच मॉडेलच्या दोन मेलेल्या मशीनमधून एक जिवंत मशीन निघण्याची शक्यता चांगली असते. शिवाय नटबोल्टपासून हँडलपर्यंतचे सुटे भाग आपोआप जमा होतात. चिनी मशीन फक्त वजनाच्या भावात मिळाली तर घ्या. त्या जुन्या मोठीचं शेवटी बोलू. मात्र एकाही मशीनला, ती बंद का पडली हे कळल्याशिवाय, नवा पार्ट आणू नका. नवीन पिस्टन टाकलेली मशीन दुसऱ्या टाकीलाच पिस्टन परत सिलिंडरला चिकटून दारात येते ती बहुतेक याच कारणाने. पहिला पिस्टन ज्या दोषाने गेला तो तसाच आत राहिलेला असतो.

आमच्याकडे दापोली-मंडणगड पट्ट्यात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात आलेल्या तौक्तेने वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. रस्ते मोकळे करायला, पडलेले आंबे-फणस कापायला लोकांनी मिळेल ती कटर मशीन घेतली. ज्यांनी आयुष्यात टू-स्ट्रोक गाडी चालवली नव्हती त्यांच्या हातात टू-स्ट्रोक मशीन आली. लूना, चेतकवर वाढलेल्या पिढीला पेट्रोलमध्ये ऑइल टाकावं लागतं हे सांगावं लागत नाही. आताच्या पोरांना सांगावंच लागतं. चेनसॉला दोन तेलं लागतात, एक पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि एक चेनला. चेनच्या तेलाची टाकी भरली म्हणजे ऑइल झालं, असं समजून आत नुसतं पेट्रोल ओतलं जातं. अशा मशीनचा पिस्टन काही मिनिटांत चिकटतो आणि ती पुढे भंगारात जाते. त्यामुळे भंगारात पडलेली मशीन झिजलेलीच असेल असं धरू नका. बऱ्याच जवळजवळ नव्या असतात.

भंगारवाल्याकडे जाताना प्लगचा पाना, टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट असलेला टी-हँडल आणि मोबाइलचा टॉर्च एवढं न्या. स्टार्टरची दोरी हळू ओढा. दाब लागतोय का पाहा. मग मशीन दोरीच्या मुठीला धरून लोंबकळत सोडा. थांबत थांबत खाली आली तर कॉम्प्रेशन आहे, धाडकन आली तर नाही. दोरी हललीच नाही तर लगेच नाद सोडू नका, आधी प्लग काढून बघा. कधी कधी आत पेट्रोल भरल्यामुळेही इंजिन अडकतं.

त्यानंतर सायलेन्सर काढा. एमएस १८० वर हे पाच मिनिटांचं काम आहे. एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्च मारून पिस्टन पाहिला की मशीनचा सगळा इतिहास समोर येतो. पिस्टनवर कारखान्यातल्या लेथच्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत असतील तर मशीन उचला, दोष कार्ब्युरेटरचा किंवा करंटचा असणार. उभे ओरखडे असतील तर ते कुठल्या बाजूला आहेत हे महत्त्वाचं. चारही बाजूंनी ओरखडे म्हणजे ऑइलशिवाय पेट्रोल. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा इंजिन तापलं, म्हणजे कुठून तरी हवा ओढली जातेय, कार्ब्युरेटर उपाशी आहे किंवा सिलिंडरच्या पंख्यांमध्ये भुसा ठासून भरलाय. इनटेकच्या बाजूला पिस्टन घासून मंद, राखाडी झाला असेल तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ गेली आहे. इथे सावध राहा, कारण धूळ फक्त पिस्टनला खात नाही, क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचते. फ्लायव्हील धरून वर-खाली हलवून पाहा. तिथे खेळ जाणवला तर ती मशीन फक्त सुट्या भागांसाठी घ्यायची.

बाइकवाल्यांची सवय इथे आड येते. आपल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या ब्लॉकमध्ये बिडाचा लायनर असायचा. पिस्टन चिकटला की लेथवर बोअर मारायचं, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, गाडी परत दहा वर्षं पळायची. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या आतल्या भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा अगदी पातळ, कठीण मुलामा असतो. बोअर मारलं की मुलामा गेला आणि सिलिंडर संपला. म्हणून लेथवाल्याकडे जाऊ नका.

पण हाच मुलामा बऱ्याचदा सिलिंडर वाचवतो. चिकटलेल्या मशीनमध्ये दिसणारे ओरखडे पुष्कळदा सिलिंडरचे नसतातच. मऊ पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून भिंतीवर लिंपलेलं असतं आणि खालचा मुलामा शाबूत असतो. हे लिंपण काढायला फरशी धुण्याचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, चालतं. काडीला कापूस गुंडाळून फक्त डागावर लावायचं. ॲल्युमिनियम असेल तिथे फसफस होते. पुसायचं, परत लावायचं. फसफस थांबली की लिंपण संपलं. मग भरपूर पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी, परत पाणी, आणि वाळल्यावर लगेच तेलाचा हात. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडांना ॲसिड लागू देऊ नका, तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं आणि ते खाल्लं जातं. आरशासारखा चकचकीत क्रोमचा बोअर असेल तर हे ॲसिड वापरूच नका, ते क्रोमलाही खातं. तिथे कॉस्टिक सोड्याचं द्रावण लागतं, तेही तितकंच जपून. हे काम उघड्यावर, हातमोजे-चष्मा घालून करायचं. दुकानात बाटली उघडी राहिली तर आठवड्यात सगळ्या पान्यांवर गंज दिसेल.

नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवा-तिरपा हलका हात फिरवा आणि नख फिरवून बघा. नख अडकलं, किंवा मुलाम्याला टवका उडून खालचा वेगळा रंग दिसला, तर तो सिलिंडर ठेवू नका. नख सरकत गेलं तर नुसता पिस्टन आणि रिंग घालून काम होतं. बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची टोकं खाचेतल्या पिनवर, आणि गजनपिनचे सर्कलिप प्रत्येक वेळी नवेच. जुना सर्कलिप निसटला तर सिलिंडरमध्ये असा चर पाडतो की मग काहीच उरत नाही.

आता मुख्य गोष्ट, हवेची गळती. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग वर जातं. क्रँकचं सील, इनटेकचा रबरी बूट, इम्पल्सची (क्रँककेसचा दाब कार्ब्युरेटरला पोचवणारी) नळी, सिलिंडरखालचं पॅकिंग, यातलं काहीही फुटलं की तिथून नुसती हवा आत येते. मिश्रण पातळ, त्यातलं ऑइल कमी, इंजिन जास्त आरपीएमवर पळतं आणि चिकटतं. ऐकायला मात्र मशीन छान, झणझणीत पळतेय असं वाटतं. गिऱ्हाईक खुश होतं आणि अर्ध्या तासात पिस्टन गेलेला असतो. आयडलला आवाज वर-खाली होणं, रेस सोडल्यावर आरपीएम लवकर न उतरणं, ही त्याची खूण.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाबून दोन्ही तोंडं बंद करा, पिस्टन खाली आणा, आणि प्लगच्या भोकातून अॅडॅप्टर लावून हवा भरा. कंपनीच्या पद्धतीत साधारण अर्धा बार, म्हणजे ७ पीएसआय दाब देतात. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडलं तरी जमतं. घड्याळाचा ३०० चा आकडा म्हणजे ५.८ पीएसआयच्या आसपास, तेवढ्यावर गळती कळते. काटा उतरायला लागला की साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. एवढ्यावर थांबू नका, निर्वात करूनही बघा. सीलची ओठासारखी कड आतल्या दाबाने शाफ्टवर आवळली जाते, त्यामुळे झिजलेलं सीलही दाबाच्या परीक्षेत पास होतं आणि ओढून घेताना गळतं. त्यासाठी कारचे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप वापरता येतो. दोन्ही वेळा क्रँक हळूहळू फिरवत राहा.

एमएस १८० ची एक खोड सांगून ठेवतो. तिचं इंजिन वरचा सिलिंडर आणि खालचं पॅन अशा दोन भागांत बेअरिंगवर मिटतं आणि मध्ये कागदी पॅकिंग नसतं, सीलंट असतं. पिस्टन बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. मिटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग थिनरने स्वच्छ करा, सीलंटचा अगदी पातळ थर द्या, आणि इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही सील नवी घाला. जास्त सीलंट लावलं तर ते आत पिळून निघतं आणि बेअरिंगमध्ये जातं.

इंजिन बाहेर काढताना क्लच उलट्या आट्यांचा असतो हे विसरू नका. फ्लायव्हीलचा नट मात्र सुलट. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर कधीच घालायचा नाही, नायलॉनची दोरी घालायची, तीसुद्धा पिस्टनने एक्झॉस्टची खिडकी झाकल्यावर, नाहीतर दोरी खिडकीत कापली जाते.

करंटचं काम तुम्हाला नवीन नाही, म्हणून थोडक्यात. करंट नसेल तर कॉइल बदलण्याआधी बंद करायच्या स्विचची वायर सोडून बघा, ती कुठेतरी बॉडीला लागलेली सापडते. फ्लायव्हीलच्या चुंबकावरचा गंज पॉलिश पेपरने काढा. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.२ ते ०.३ मिमी, व्हिजिटिंग कार्ड मध्ये सारून कॉइल आवळली की बसते. प्लगची फट ०.५ मिमी. आणि दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसत असेल तर फ्लायव्हीलची चावी तुटून टायमिंग सरकलंय.

कार्ब्युरेटर मात्र बाइकपेक्षा वेगळा. त्यात फ्लोट नसतो, कारण मशीन आडवी-उलटी कशीही धरली तरी चालायला हवी. क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर एक पातळ पडदा पेट्रोल ओढतो, दुसरा पडदा सुईचं लिव्हर दाबून माप ठेवतो. हे पडदे कडक झाले की मशीन गार असताना कशीबशी सुरू होते आणि रेस दिली की मरते. पडदा नखाने दाबून बघा, पापुद्र्यासारखा खडखडला तर किट बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतली ओल धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. कोकणच्या पावसाळ्यात चार महिने टाकी भरून ठेवलेली मशीन दसऱ्याला सुरू होत नाही, त्यात नवल नाही. किट घालताना आतली बारीक जाळी काढून धुवा. बरेच जण ती विसरतात. जेटमध्ये तार घालू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे अल्ट्रासॉनिक क्लीनर असतो, त्यात साबणाच्या पाण्यात टाकून द्या, पेट्रोल त्याच्या भांड्यात घालू नका. तसंच, मशीन दहा मिनिटं चालून बंद पडत असेल आणि टाकीचं झाकण उघडल्यावर परत सुरू होत असेल, तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. टाकीचा हवा घ्यायचा व्हेंट चोंदलाय.

सेटिंगला एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) हे दोन स्क्रू हलकेच पूर्ण बंद करून एकेक आटा उघडा, बहुतेक मॉडेलवर तिथून सुरुवात होते. काही छोट्या मॉडेलवर एच स्क्रू नसतोच. एच लावताना पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर, आवाज थोडा फाटका, अडखळत आला पाहिजे आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ झाला पाहिजे. बाहेरच तो स्वच्छ, किंचाळणारा येत असेल तर मिश्रण पातळ आहे. मिश्रणाचं माप लिटरला २० मिली म्हणजे ५० ला १, किंवा ४० मिली म्हणजे २५ ला १. बाटलीवर जे लिहिलंय ते पाळा, पण ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं, बाइकचं इंजिन ऑइल नको.

कॉम्प्रेशन गेजबद्दल एक सूचना. तुमच्या बाइकच्या गेजची नळी लांब असेल आणि व्हॉल्व्ह घड्याळाच्या बाजूला असेल, तर ३२ सीसीच्या इंजिनावर आकडा खोटा कमी येतो, कारण नळीतली पोकळीच मोजली जाते. व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला असलेलं गेज वापरा. १४०-१५० पीएसआय आलं तर उत्तम. १०० च्या खाली आलं की रिंग-पिस्टन बघायलाच हवेत.

चेन आणि बारवर (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) फार वेळ घालवू नका, भंगारातली चेन बहुतेक टाकाऊच असते. मात्र एमएस १८० ची चेन ३/८ पिको पिचची असते आणि तिला ४ मिमीची गोल कानस लागते. दुकानदार हाताला येईल ती कानस देतो आणि दाताचा आकारच बिघडतो. जाता जाता, आज जगभर वापरात असलेल्या या दाताची कल्पना जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याला १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून सुचली. ती अळी डावी-उजवीकडे कापत जाते, म्हणून चेनचे दातही एकाआड एक डावे-उजवे. कानस मारताना दोन्ही बाजूंचे दात सारख्या लांबीचे ठेवले नाहीत, तर मशीन वाकडी कापते आणि लोक बारला दोष देतात.

गिऱ्हाइकाला देण्याआधी चेन ब्रेक तपासा. रेस देऊन पुढचं हँडल ढकललं की चेन तत्काळ थांबली पाहिजे. आयडलला चेन सरकता कामा नये. सरकत असेल तर आयडल जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग ताणलीय. खालचा चेन अडवणारा खुंट तुटलेला असेल तर दहा-वीस रुपयांचा तो तुकडा घातल्याशिवाय मशीन बाहेर जाऊ देऊ नका.

पैशांचं म्हणाल तर माझा अंदाज साधा आहे. पार्टचा खर्च त्याच मॉडेलच्या नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जायला लागला की मी थांबतो आणि मशीन सुट्या भागांच्या खोक्यात टाकतो. चिनी ५८ सीसीचे पार्ट स्वस्त आणि कुठेही मिळतात, पण एकाच मॉडेलच्या म्हणवणाऱ्या दोन मशीनची भोकंही जुळत नाहीत. हात बसवायला ती बरी. विकायला मी ती घेत नाही. आणि भंगारवाल्याकडून पावती घ्या, बॉडीवरचा सिरियल नंबर तिच्यावर लिहून घ्या. चोरीच्या मशीनही तिथेच येतात.

राहिली ती मोठी. जमलं तर घ्या, कारण १०० सीसीच्या घरातली जुनी इंजिनं दणकट असतात आणि फ्लायव्हीलखाली प्लॅटिनम पॉइंट (करंट तोडणारे जुन्या पद्धतीचे संपर्कबिंदू) असलेली मशीन सुरू करण्यात एक वेगळीच मजा आहे. पण तिला चेन ब्रेक नाही, हँडलला रबराचे झटके-शोषक नाहीत, आणि एवढ्या ताकदीची मशीन बारच्या टोकाला अडकून उसळली तर ती हाताने थांबत नाही. तिने झाडं कापायची नाहीत आणि कापणाऱ्याला ती विकायचीही नाही. तुटलेला कान जोडायला ग्राइंडर लावण्याआधी बॉडी मॅग्नेशियमची आहे का पाहा, बऱ्याच जुन्या मशीनची असते. तिचा भुसा ठिणगीने पेटतो आणि पाणी टाकलं की आणखी भडकतो, म्हणून शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा. सुरू झाली की चेन उतरवून दुकानात मांडा.